माकडाला लाज नाही, मग मलाच का?

वाचकाचं पत्र :

मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय ५३. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, यजमान बँकेतून निवृत्त झाले आहेत. डिसेंबरात मोठ्या मुलीचा साखरपुडा झाला, दोनशे माणूस जेवलं. मार्चमध्ये तिनेच सांगितलं, हे लग्न नको. भांडण नाही, देण्याघेण्याचा वाद नाही. आपलं पटणार नाही हे दोघांच्याही लक्षात आलं. दोन्ही घरांनी समजुतीने अंगठ्या, साड्या परत केल्या. मुलगी पुण्यात नोकरीवर परत गेली, छान आहे. माझंच काहीतरी बिघडलंय. वीस वर्षांची भिशी आहे, तिथे जात नाही. चैत्रातलं हळदीकुंकू चुकवलं. भाजीला पलीकडच्या आळीत जाते. एक जुनी मैत्रीण रोज फोन करते, तिचाही उचलत नाही. धाकटा मुलगा मानसशास्त्र शिकतो. तो म्हणतो, "आई, जगात इतके प्राणी आहेत, लोक काय म्हणतील याची एकालाही पडलेली नाही. माकडाला लाज वाटते का? ही फक्त माणसाची खोड आहे, सोडून दे." यजमान म्हणतात, मी उगाच बाऊ करते. हा दोष खरंच फक्त माणसात असतो का? आणि तो घालवायचा कसा?

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा निम्मं बरोबर बोलतोय. पण त्यावरून त्याने जो सल्ला काढला, "सोडून दे", तो कुणालाच पाळता येण्यासारखा नाही. शिकतोच आहे तर हे उत्तर त्यालाही वाचायला द्या. आधी त्याचाच मुद्दा घेते, मग तुमच्या भिशीकडे येते.

जर्मनीत लाइपझिगला माक्स प्लांक संस्थेचं एक केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच वर्षांची मुलं आणि चिंपांझी, दोघांपुढेही सारखाच मोह ठेवला. दुसऱ्याच्या वाट्याचं उचलता येत होतं, किंवा मदत करून दुसऱ्याला त्याचं बक्षीस मिळवून देता येत होतं. कधी आपल्यातलंच कुणीतरी बघत होतं, कधी आसपास कुणीच नव्हतं. बघणारं कुणी असलं की मुलं कमी उचलायची आणि जास्त मदत करायची. चिंपांझींना काही फरक पडला नाही. कुणी बघो न बघो, वागणं तेच. म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं इथवर खरं. माकडाला (चिंपांझी हा खरं तर वानर, पण ते जाऊ दे) चारचौघांची भीड नाही, आणि बालवाडीतल्या पोराला आहे.

त्याही आधीच्या वयाचं बघा. त्याच संस्थेतल्या काही संशोधकांचा २०१४ चा प्रयोग आहे. एक डबा, त्याला तीन भोकं. त्यातल्या एकात चेंडू टाकला की खाऊ मिळतो. दोन वर्षांची मुलं, चिंपांझी आणि ओरांगउटान आपापलं एक भोक शिकले. मग त्यांनी बघितलं की आपल्यासारखेच दुसरे वेगळ्याच भोकात चेंडू टाकताहेत. चिंपांझी आणि ओरांगउटान आपल्या भोकाला चिकटून राहिले. मुलं मात्र बऱ्याचदा आपलं सोडून बाकीच्यांचं धरायची, आणि ती बाकीची मुलं समोर बघत असली तर आणखीच जास्त. नव्या भोकातून खाऊ काही जास्त मिळत नव्हता. अजून ज्याला चड्डी सरळ घालता येत नाही ते पोर "सगळे असं करतात" हे ओळखून वागतं!

हे वाचून तुमचा मुलगा म्हणेल, बघ, वानरं शहाणी आणि माणसं मेंढरं. त्याने थोडं थांबावं. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी असाच एक डब्याचा प्रयोग केला, युगांडातल्या एका अभयारण्यातल्या चिंपांझींवर आणि स्कॉटलंडमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवर. डबा उघडून बक्षीस काढायचं, पण करून दाखवणारा मधेच एक निरुपयोगी कृती करायचा. डबा पारदर्शक असला की ती कृती फुकटची आहे हे स्पष्ट दिसायचं. चिंपांझींनी ती गाळली आणि सरळ बक्षीस काढलं. मुलांनी सगळं केलं, अगदी दाखवल्याबरहुकूम. बुद्धीची परीक्षा म्हणाल तर मुलं नापास.

पण ताई, तुम्ही सुरण कसं करता? चिरण्याआधी हाताला तेल, शिजताना चिंच किंवा आमसूल. कारण विचारलं होतंत का आईला? तुम्ही "असं करतात" म्हणून केलंत, आणि तुमच्या घरात कुणाचा घसा खाजला नाही. चिंपांझीच्या पद्धतीने गेलो असतो तर प्रत्येक पिढीला एकदा घसा सुजवून घेऊन नव्याने शोध लावावा लागला असता. माणसाने हजारो वर्षांत साठवलेलं शहाणपण एका डोक्यात मावत नाही. ते दुसऱ्याकडून, बऱ्याचदा कारण न कळताच, उचलावं लागतं. दुसऱ्याकडे सतत बघत राहण्याची, त्याला काय बरं वाटतं आणि काय वाईट हे टिपत राहण्याची जी ओढ आहे, ती नसती तर आपण फार साधे प्राणी राहिलो असतो. २००७ मध्ये १०६ चिंपांझी, ३२ ओरांगउटान आणि अडीच वर्षांची १०५ मुलं यांना एकाच प्रकारची कोडी घातली होती. वस्तू, अंतर, संख्या, कमी-जास्त यांच्या कोड्यांत आपली मुलं आणि चिंपांझी जवळपास सारखेच ठरले. दुसऱ्याकडून शिकणं, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, इथे मात्र मुलांचे गुण सुमारे दुपटीने जास्त. आपल्यात जे वेगळं आहे ते मुळात दुसऱ्या माणसाच्या संदर्भातलं आहे.

आता तुमच्या मुलाचं निम्मं चूक. "एकालाही पडलेली नाही" हे खरं नाही. समुद्रातल्या प्रवाळांत एक चिमुकला मासा राहतो. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन तो त्यांना साफ करतो. गंमत अशी की, त्याला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थरच जास्त आवडतो, म्हणजे लबाडीचा मोह कायमचा. रेडुआन ब्शारी आणि अलेक्झांड्रा ग्रटर यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की दुसरं गिऱ्हाईक बघत असलं तर हा मासा जास्त इमानदारीने वागतो. मला हा मासा फार आवडतो. "हे फक्त माणसातच" असं ठासून म्हणणाऱ्यांची अधूनमधून अशी फजिती होत आलेली आहे. १९६० मध्ये जेन गुडॉल यांना आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात वारुळात गवताची काडी घालून वाळवी काढून खाणारा चिंपांझी दिसला, तेव्हा "अवजारं फक्त माणूस वापरतो" हे वाक्य असंच मोडीत निघालं.

म्हणून मी व्याप्तीत फरक आहे एवढंच म्हणेन. समोरचं गिऱ्हाईक निघून गेलं की माशाचा प्रश्न मिटतो. माणूस समोर नसलेल्यांनाही लाजतो. ज्यांनी अजून अवाक्षर काढलेलं नाही त्यांनाही लाजतो. वारलेल्यांनाही! "आज सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या" हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मनात एकदा तरी आलं असेल. डार्विनने १८७२ मध्ये माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर लिहिताना लाजून लाल होण्याला एक अख्खं प्रकरण दिलं आणि सगळ्या भावदर्शनांत हेच सर्वांत खास, सर्वांत मानवी आहे असं म्हटलं. दुसरे आपल्याबद्दल काय विचार करत असतील, या विचारानेच रक्त चेहऱ्यावर चढतं, हे त्याचं निरीक्षण.

हे आलं कुठून? सारा ब्लाफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं उत्तर मला सर्वांत पटतं, बहुधा मी स्वतः बाळंतपणं काढलेली असल्यामुळे. चिंपांझीची आई आपलं नवजात पिल्लू महिनोन्महिने कुणाच्या हाती देत नाही. माणसाचं मूल इतकी वर्षं परावलंबी असतं की ते एकटीने वाढवणं अशक्य. आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारीण असे अनेक हात लागतात. अशा अनेक हातांत वाढणाऱ्या बाळाला फार लवकर कळावं लागतं, हा चेहरा आपल्यावर खूष आहे की नाही. ज्या बाळांना ते कळलं ती जगली-वाढली. तुम्ही-आम्ही त्यांच्या वंशातले. म्हणून "लोक गेले उडत" हे वाक्य टी-शर्टवर छापायला ठीक. (तो टी-शर्टही लोकांनी वाचावा म्हणूनच घालतात.)

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, इतक्या तीव्रतेने हे बहुतेक फक्त माणसातच आहे. पण त्याला दोष म्हणू नका. मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञाने स्वाभिमानाला गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखं म्हटलं आहे. आपल्या माणसांत आपल्याला किती जागा आहे हे तो काटा दाखवत असतो. खाली गेला की जीव कासावीस होतो, आणि व्हावाच, नाहीतर आपण कुणाशीच जुळवून घेतलं नसतं. काटा काढून फेकला म्हणून गाडी बरी चालत नाही.

यजमानांना हेही सांगा, की "बाऊ" हा शब्द परत घ्या. साखरपुड्याचा मेन्यू ठरताना "दोनच गोड पदार्थ ठेवले तर लोक नावं ठेवतील" असं घरात कोण म्हणालं होतं ते आठवून बघा. माझा अंदाज आहे, तुम्ही नव्हता.

काटा असणं ठीक. तुमचा काटा सध्या खोटं दाखवतोय, हा खरा प्रश्न आहे. आणि तो कुठे, कसा खोटं दाखवतो हे बऱ्यापैकी माहीत आहे, कारण तो सगळ्यांचाच त्याच बाजूला चुकतो.

कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी एक खट्याळ प्रयोग केला, २००० मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावायचा. तो गायक तेव्हाच्या पोरांत अगदी "हे काय घातलंय" या वर्गातला. मग त्याला बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवायचं. नंतर विचारायचं, किती जणांनी तुझा शर्ट बघितला असेल? घालणाऱ्यांना वाटायचं, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं.

तुम्ही म्हणाल, साखरपुडा मोडणं म्हणजे टी-शर्ट नव्हे. अगदी बरोबर. दोनशे माणूस जेवून गेलंय, आणि तालुक्याच्या गावात बातमी दडत नसते. कुणाच्या लक्षातच आलं नसेल अशी खोटी समजूत मी घालणार नाही. लोकांना कळलंय आणि लोक बोललेही आहेत. पण तुम्हाला झोपेत ऐकू येतं ते लोकांचं बोलणं आणि खरं बोलणं यांत फरक आहे. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असंच एक काम प्रसिद्ध केलं. ४६७ माणसांनी अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र वागवलं, ते मधूनमधून आपोआप चालू व्हायचं. गैरहजर माणसाबद्दल जे जे बोललं गेलं ते तपासलं तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट, नुसती माहिती निघाली. वाईट बोलणं होतंच, चांगल्यापेक्षा जास्तही होतं. पण एकूणात थोडं. तुमच्याबद्दलचं बहुतेक बोलणं असं झालं असणार: "अगं, त्यांच्या मुलीचं मोडलं म्हणे." "हो का? अरेरे. आणि काय गं, तुझ्याकडे आज पाणी आलं का?"

त्याच गिलोविच यांनी केनेथ साविट्स्की आणि निकोलस एपली यांच्याबरोबर २००१ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. आपली फजिती झाली की लोक आपल्याला जितकं कठोरपणे जोखतील असं वाटतं, तितकं ते जोखतात का? नाही. कारण त्या क्षणी आपल्याला फक्त ती फजिती दिसते, आणि लोकांना त्या फजितीसकट सगळा माणूस दिसतो. भिशीतल्या बायका तुम्हाला वीस वर्षं ओळखतात. कुणाच्या घरी मयत झाल्यावर तुम्ही पिठलं-भात करून नेला असेल, कुणाच्या मुलाला दहावीचं गणित दाखवलं असेल. हे त्यांच्या खात्यात अजून आहे. तुमच्या खात्यातून ते तुम्ही मार्चमध्ये पुसून टाकलंत.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि त्यासाठी तुम्हाला थेट सौदी अरेबियात नेते. लिओनार्दो बर्स्टीन आणि सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना एकेकटं विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुसंख्य म्हणाले, करावी. मग विचारलं, बाकीचे काय म्हणत असतील? तेव्हा त्यांनी बाकीच्यांना प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जुनाट ठरवलं. प्रत्येक जण मनातून राजी, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण एकटेच राजी. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत जास्त प्रमाणात नोंदवलं. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणाचंही मत बदललं नव्हतं. शेजाऱ्याच्या मनात काय आहे एवढंच कळलं होतं.

तुमच्या भिशीतही मला हेच दिसतं. त्या बायकांपैकी किती जणींना मनातून वाटत असेल, "बरं झालं, लग्नाआधीच कळलं"? एखादीच्या बहिणीचं, भाचीचं लग्नानंतर दोन वर्षांनी मोडलेलं असेल, कोर्टाच्या तारखा चालू असतील. तिला तर तुमच्या मुलीचा हेवाच वाटला असेल. पण हे ती चारचौघीत बोलणार नाही, कारण तिला वाटतं बाकीच्या जुन्या वळणाच्या आहेत. बाकीच्यांना वाटतं ती आहे. आणि तुम्ही घरात बसून सगळ्यांच्या वतीने स्वतःला दोषी ठरवलंत.

आता थोडं कडक बोलते.

किप विल्यम्स नावाचा मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता. शेजारी दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी (एकमेकांकडे फेकायची चकती) खेळत होती. चकती त्याच्याकडे आली, त्याने परत फेकली, आणि त्यांनी त्यालाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने काही कारण नसताना त्यांनी त्याच्याकडे फेकणं बंद केलं. आपल्याला किती वाईट वाटलं हे पाहून तो स्वतःच चकित झाला, आणि त्यातून त्याने संगणकावरचा एक खेळ तयार केला. पडद्यावर तीन खेळाडू, मधे चेंडू, थोड्या वेळाने तुमच्याकडे चेंडू येणं थांबतं. बस्स, एवढंच. पण माणसं खचतात. आपण कुणाचे नाही, आपल्या हातात काही नाही, आपल्याला किंमत नाही, असं वाटू लागतं. २००४ मधल्या एका प्रयोगात तर आधीच सांगून टाकलं होतं की समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे. तरीही वाईट वाटलंच. वगळलं जाणं माणसाला इतकं लागतं. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तो याच कारणासाठी. जातपंचायतींच्या हातातलं सर्वांत जालीम हत्यार हेच होतं.

आणि तुम्ही कुणी पंचायत बसवलेली नसताना, कुणी तोंडावर एक शब्द बोललेलं नसताना, स्वतःला वाळीत टाकलंत. चेंडू तुमच्याकडे येतोय. मैत्रीण रोज फोन करते असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही हात मागे बांधून उभ्या आहात आणि वर म्हणताय, मला खेळात घेत नाहीत.

याचे दोन परिणाम होतात. बाहेर लोकांना वाटतं, ही बाई तोंड लपवतेय म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. एरवी दोन दिवसांत शिळी झाली असती ती गोष्ट तुमच्या गैरहजेरीने ताजी ठेवली आहे. दुसरा परिणाम तुमच्या मुलीवर. तिने धाडस केलं, समोरच्याला न दुखावता केलं, आणि ती सावरली. पण आई बाहेर पडत नाही हे तिला भाऊ सांगत असेलच. "माझ्यामुळे आईला तोंड दाखवायला जागा नाही" हे वाक्य तुम्ही उच्चारलेलं नाही. तिने ते ऐकलेलं असणार. उद्या दुसरं स्थळ आलं आणि पुन्हा मनात शंका आली तर ती बोलेल का, याचा विचार करा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात काळजी करण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

तेव्हा करायचं काय? लोकांची पर्वा करणं थांबवू नका, ते जमणार नाही. कोणत्या लोकांची, एवढं ठरवा. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेले रेघांचे प्रयोग तुमच्या मुलाच्या पुस्तकात असतील. नमुन्याइतक्या लांबीची रेघ कोणती, एवढंच सांगायचं असतं. खोलीतले सगळे, आधी पढवून ठेवलेले, धडधडीत चुकीच्या रेघेला बरोबर म्हणतात. सरासरीने तीनातल्या एकाहून जास्त वेळा बिचारा खरा उमेदवारही त्यांच्यामागे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी सांगितला जातो तो पुढचा भाग: खोलीत एकच माणूस खरं बोलणारा बसवला, तर ही घसरण आधीच्या जवळजवळ पाववर येते. बहुमत बदलावं लागत नाही. एक माणूस पुरतो.

आपल्याकडचं उदाहरण धोंडो केशव कर्व्यांचं. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे स्वभावाने भिडस्त. लोकांना फाट्यावर मारणाऱ्यांतले मुळीच नव्हते. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला पाठबळ देणारी मंडळी उभी केली, तीन वर्षांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका गावाने दार लावलं तर त्यांनी दुसरी माणसं जमवली. लोकांवाचून राहण्याचा प्रयत्न त्यांनीही केला नाही.

तुमच्याकडे ती एक व्यक्ती आहे, तिचा फोन रोज वाजतोय. आज उचला. तिला सगळं सांगा, रडायचं तर रडा, आणि पुढच्या भिशीला तिच्याबरोबर जा. एकटीने जाऊन शौर्य दाखवायची गरज नाही. आत गेल्यावर कुणी विचारायची वाट बघत बसू नका, ती वाट बघणंच जीव खातं. चहा यायच्या आत तुम्हीच सांगा: "आमच्या मुलीचं ठरलेलं मोडलं. दोघांचं पटत नव्हतं, वेळेत कळलं. ती बरी आहे." एवढंच. मुलाबद्दल चांगलं-वाईट काही नाही, खुलासे नाहीत, "काय करणार, आजकालची मुलं" हे तर अजिबात नाही. त्या वाक्याने तुम्ही मुलीला चव्हाट्यावर एकटी सोडता. एखादी टोचून बोलेल, प्रत्येक भिशीत एक असतेच. तिला "हो, वाईट वाटलंच" म्हणा आणि पुढच्या महिन्याची भिशी कुणाकडे ते विचारा. आणि बघा, दुसरी एखादी हळूच तुमच्या शेजारी येऊन बसेल आणि तिच्या घरातलं काहीतरी सांगेल. गप्प बसलेलीने तोंड उघडायला कुणीतरी पहिली लागते.

भाजी नेहमीच्या आळीतून आणा.

झोप आणि जेवण कसं आहे हे तुम्ही लिहिलं नाहीत. दोन-तीन आठवड्यांपासून झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, पहाटे जाग येऊन छातीत धडधडत असेल, तर ते माझ्या सदराचं काम नाही. डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतून बोलता येतं. त्याची लाज वाटत असेल तर मुलाला लावून द्यायला सांगा, तेवढा तरी त्याच्या शिक्षणाचा उपयोग.

आणि एक. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या मुलाची आई. तिच्याही घरी दोनशे माणसांना तोंड द्यायचं आहे, तीही कुठल्यातरी पलीकडच्या आळीत भाजी आणत असेल. तुमचं दुःख जशास तसं कळणारी गावात बहुधा ती एकटीच आहे, आणि तुमच्यात भांडण नाही असं तुम्हीच लिहिलंय. आधी मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला. हरकत नाही म्हणाली तर दुपारच्या निवांत वेळी त्या आईला फोन लावा.